ठासणीची बंदूक : काय दुरुस्त होते, काय होत नाही आणि कोणी करावे

आमचा धंदा कापडाचा. बंदुकीशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की घाटनांदूरला कापड घ्यायला येणारे गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी असते, आणि थान उलगडेपर्यंत पेरणीपासून रानडुकरापर्यंत सगळे विषय निघतात. डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचा वावर नांगरून टाकतो, रोही हरभरा खाऊन जातात. मग कोणाला तरी आजोबांच्या नावाची ठासणीची बंदूक आठवते. तिचा घोडा ढिला असतो, नाहीतर कमान तुटलेली असते, नाहीतर दस्त्याला चीर गेलेली असते. "चाचा, तुमच्या ओळखीचा एखादा वेल्डर बघा की, दोन मिनिटांचं काम आहे," असे तो म्हणतो.

हा वेल्डर, लेथवाला, लोहार, शिकलगार, सुतार बहुधा आपल्याच बांधवांपैकी असतो. त्याच्या हाताला ते काम खरोखर दोन मिनिटांचे वाटते. शे-दोनशे रुपये मिळतात, ओळखीच्या माणसाचे मन राहते. त्या दोन मिनिटांत काय काय दडलेले आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. बंदुकीचा कोणता भाग दुरुस्त होतो, कोणता बदलावाच लागतो, कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे बंदूक बाळगणाऱ्यालाही ठाऊक हवे आणि कारागिरालाही. एकाला आपण कशाचे पैसे देतो ते कळेल आणि दुसऱ्याला नाही कधी म्हणायचे ते कळेल.

आधी कायदा, कारण कारागिराचे नुकसान पहिल्यांदा तेथेच होते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे आणि विकणे यांप्रमाणेच तिची दुरुस्ती करणे यालाही वेगळा परवाना लागतो. मालकाकडे बंदूक बाळगण्याचा परवाना असला म्हणून कारागिराला दुरुस्तीचा हक्क मिळत नाही. ही गोष्ट आमच्या भागात दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. इतकेच नव्हे, दुरुस्तीसाठी म्हणून बंदूक दुकानात ठेवून घेणे हेही त्याच कलमात येते. काम केले नाही, फक्त कोपऱ्यात उभी केली होती, हे सांगून सुटका नाही. सुटा भाग आणला, पूर्ण बंदूक कुठे आणली, हेही चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागसुद्धा बंदुकीतच मोजले आहेत.

शिक्षा पूर्वी किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ती किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली, दंड वेगळा. शे-दोनशे रुपयांच्या मजुरीसमोर हा हिशेब कारागिराने स्वतःच मांडून पाहावा.

आणखी एक गैरसमज. "ही जुनी आहे, शोभेची आहे, हिला परवाना लागत नाही," असे वाड्यात बंदूक टांगलेले लोक सांगतात. कायद्यात जुन्या बनावटीच्या शस्त्रांना सूट आहे ही गोष्ट खरी. पण ती कलम ४५ मध्ये अशा शब्दांत आहे की जे शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच ती लागू. म्हणजे थोडीशी दुरुस्ती करून जी उडू शकते, ती सुटीत बसत नाही. भिंतीवरची बंदूक "चालू करून द्या" म्हणून जो आणतो, तो तिची सूट आपल्याच तोंडाने काढून घेत असतो.

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दरबारी भाषा उर्दू होती. त्यामुळे जुन्या बंदुकीबरोबर कधी उर्दूतला एखादा पिवळा कागद निघतो, आणि आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले म्हणून तो आमच्याकडे वाचायला येतो. कागद खरा असला तरी तो आजचा परवाना नव्हे. आजचा परवाना हल्ली ५ वर्षांसाठी मिळतो, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते, आणि एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेल्याही त्या दोनातच धरल्या जातात. वारसाने बंदूक आपल्या नावावर करून घेतली नसेल, तर दुरुस्तीचा विचार नंतर, आधी पोलीस ठाणे आणि परवाना शाखा.

पीक राखण्यासाठी बंदूक हवी असेल तर त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचे नाव घेऊन सोय केली आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणूनच जगात जी जात दीडशे वर्षांपूर्वी मागे पडली, ती आपल्याकडे अजून शेतावर दिसते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाचे असे परवाने बरेच आहेत, मराठवाड्यात कमी. मात्र परवाना हा बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. रानडूक्कर आणि रोही यांच्यासाठीही वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि काळवीट, मोर यांच्या वाटेला तर कोणी जाऊच नये.

आता बंदूक कशी चालते ते थोडक्यात. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी किंवा छरे, आणि गजाने ठासायचे, म्हणून ठासणीची. मागच्या टोकाला एक पोकळ निपल बसवलेले असते. त्यावर तांब्याची छोटी टोपी चढवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपीतला मसाला पेट घेतो, ज्वाला निपलाच्या छिद्रातून आत जाते आणि दारू उडते. ही युक्ती स्कॉटलंडमधील एका पाद्र्याची. अलेक्झांडर फोर्सिथ त्याचे नाव. मसाल्यावर आघात करून पेटवण्याचे पेटंट त्याने १८०७ मध्ये घेतले. तांब्याची टोपी नंतर आली. त्याआधी चकमकीची बंदूक होती आणि तिच्याही आधी तोडेदार. पावसात दोन्ही दगा देत.

टोपीच्या बंदुकांत नळीच्या आत पिळाचे चर असतील तर ती रायफल. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही त्यातली प्रसिद्ध. तिच्याच काडतुसांवरून १८५७ ची ठिणगी पडली. त्यानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना चरांच्या नळीऐवजी गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. शेतकऱ्याकडची बंदूक बहुधा गुळगुळीत नळीचीच असते, पण कळीची रचना दोन्हींत सारखी, त्यामुळे पुढचे सगळे दोन्हींना लागू आहे.

कोणतीही दुरुस्ती करण्याआधी एक तपासणी. ती मालकाने घरीच करावी, कारण बंदूक घेऊन रस्त्याला लागण्यापूर्वी ती करणे भाग आहे. माळ्यावर पडलेल्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्या निघतात. कोणी तरी चाळीस वर्षांपूर्वी ठासून ठेवली, माणूस गेला, बंदूक राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही तिचा जोर जात नाही. निपलावर टोपी नाही ना, हे आधी बघावे. मग नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून, हात व चेहरा तोंडासमोर न आणता गज हळूच आत तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करावी. गज बाहेर काढून नळीला समांतर धरावा, खूण तोंडाशी जुळवावी. गजाचे टोक निपलाच्या जागेपर्यंत पोचले तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काही तरी आहे. मग गजाने खरवडू नये, उन्हात ठेवू नये, आणि भट्टीच्या किंवा वेल्डिंगच्या जवळ तर नेऊच नये. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला आधी फोन करून सांगावे की नळी भरलेली दिसते. तो पाण्याने दारू निकामी करून स्क्रूच्या गजाने माल बाहेर ओढतो.

आता एकेक भाग.

सर्वांत लवकर झिजते ते निपल. प्रत्येक बाराला तापलेला वायू त्याच्या छिद्रातून मागे यायला बघतो आणि छिद्र मोठे करत जातो. नव्या निपलाचे छिद्र साधारण पाऊण मिलिमीटरचे असते. ते एक मिलिमीटरच्या पुढे गेले की बार करताना घोडा उलटा उचलला जातो आणि टोपीचे तुकडे तोंडाकडे उडतात. डोळा जातो तो असा. दुसरी झीज वरच्या टोकाची. रिकाम्या निपलावर घोडा पुन्हा पुन्हा आपटून खेळणारे पुष्कळ असतात. त्याने निपलाचे तोंड छत्रीसारखे पसरते, टोपी नीट बसत नाही आणि पहिला बार फुकट जातो. निपल दुरुस्त करायचे नसते, बदलायचे असते. पसरलेले टोक कानसने घासून देणारे आहेत; त्याने निपल आखूड होते आणि घोडा टोपीपर्यंत जोराने पोचतच नाही.

बदलताना आटे जुळणे महत्त्वाचे. जुन्या बंदुकांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे असतात, आजच्या मेट्रिक बोल्टाचे नव्हेत. नवे निपल हाताने दोन-तीन आटे सहज गेले आणि मग जड झाले, तर माप चुकले आहे असे समजावे. पान्याने जबरदस्ती केली तर ते बसल्यासारखे दिसते, पण धरलेले असते दोन आट्यांवर, आणि एखाद्या बाराला गोळीसारखे मागे सुटते. बैठकीचेच आटे खाल्ले गेले असतील तर पुढच्या मापाचा टॅप मारून मोठ्या आट्याचे निपल बसवतात. आट्यांवर टेफ्लॉनची फीत किंवा सुताचा दोरा गुंडाळून निपल "घट्ट" केलेले असेल, तर ती बंदूक वापरात आणू नये.

घोड्याचे दुखणे बहुधा ढिलेपणाचे असते. घोडा चौकोनी दांडीवर बसतो. चौकोन झिजला की घोडा डुलतो आणि निपलाच्या मधोमध न पडता कडेला पडतो. घोड्याच्या डोक्याला खोलगट वाटीसारखा आकार असतो तो उगाच नाही. फुटलेली टोपी त्या वाटीत अडकून राहावी, उडू नये, यासाठी तो आहे. कडेला पडणाऱ्या घोड्याची वाटी एका बाजूने तुटते आणि मग तुकडे त्याच बाजूने येतात. चौकोनात पितळी पत्र्याची चिपटी घालणे हा तात्पुरता उपाय. चांगला कारागीर घोड्याचे भोक भरून पुन्हा चौकोन कोरतो, किंवा त्याच नमुन्याचा दुसरा घोडा मिळवून जुळवतो.

आता कळ, म्हणजे बाजूच्या पट्टीच्या आतले यंत्र. बंदुकीतले खरे नाजूक काम येथे आहे, आणि हौशी कारागीर हमखास फसतो तोही येथेच. घोड्याच्या मागे टंबलर नावाची एक फिरती चकती असते. तिला दोन खाचा: एक अर्ध्या चढावाची, एक पूर्ण चढावाची. सिअर नावाची छोटी पट्टी आपले नाक त्या खाचेत अडकवून घोडा धरून ठेवते. चाप ओढला की नाक खाचेतून निघते. अर्ध्या चढावाची खाच खोल असते आणि नाक तिच्यात असे रुतते की चाप कितीही ओढला तरी सुटू नये. टोपी चढवताना, बंदूक खांद्यावर घेऊन बांधावरून चालताना जीव त्या खाचेवर असतो.

तपासायचे असे: बंदूक रिकामी आहे याची खात्री करून घोडा अर्ध्यावर आणावा आणि अंगठ्याने घोडा धरून चाप ओढावा. घोडा सुटायची खटपट करत असेल तर खाच किंवा नाक झिजले आहे. आता कारागिराचा हात आपोआप कानसकडे जातो. दोन घासे मारले की नाक पुन्हा टोकदार होते, दोन्ही चढाव टकटक लागतात, मालक खूश. आठवड्याने तेच दुखणे परत, या खेपेला जास्त. कारण असे की जुन्या कळीचे हे भाग आतून मऊ लोखंडाचे असतात आणि वरून पातळ कठीण साल चढवलेली असते. ही साल कागदाएवढी. कानसने ती निघून गेली की खालचे मऊ लोखंड मेणासारखे झिजते. कठीण सालीवर कानस सरकते, चावत नाही. चावायला लागली म्हणजे साल गेली. योग्य रीत ही की बारीक तेलाच्या दगडावर, कोन न बदलता, अगदी थोडे काम करायचे, आणि साल गेलीच असेल तर भाग कोळशाच्या भुकटीत बंद डब्यात तापवून पुन्हा साल चढवायची. किंवा भाग नवा करायचा. गिऱ्हाईक चाप हलका करून मागते तेव्हा चांगला कारागीर सरळ नकार देतो. हलका चाप नेमबाजाच्या मैदानावर ठीक. खोकत खोकत बांधावर बसणाऱ्याच्या हातात नव्हे.

मुख्य कमान ही कळीची दुसरी गोष्ट. व्ही अक्षरासारखी वाकवलेली पोलादी पट्टी, तुटते ती बहुधा वाकणाशी. ती बाहेर काढायला खास चिमटा असतो. तो नसताना स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढणाऱ्यांच्या कमानी तुटतात आणि बोटेही फुटतात. तुटलेली कमान वेल्डिंगने जोडता येत नाही. जोड धरतो, पण वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या पोलादाचे पाणी उतरते आणि कमान वाकून तशीच राहते. कमान नवीच करावी लागते. आमच्या लोहार बांधवांना यातले शास्त्र वेगळे सांगायला नको. विळ्याला आणि कुऱ्हाडीला पाणी द्यायचे तेच ज्ञान येथे लागते, फक्त माप बारीक. पोलाद लालबुंद करून तेलात बुडवले की ते काचेसारखे कठीण आणि ठिसूळ होते. मग घासून उजळ करून हळूहळू तापवत निळा रंग येईपर्यंत न्यायचे. हा रंग तीनशे अंशांच्या आसपास येतो. जुने बंदूककार अंदाजाला वितळलेल्या शिशाचा आधार घेत, कारण शिसे ३२७ अंशांना वितळते. शेवटी कमानीवर आडवा ओरखडा राहू द्यायचा नाही. पॉलिश लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा राहिला तर तडा तेथूनच सुरू होतो.

नळीबद्दल आमचे म्हणणे एका वाक्याचे आहे: नळीला आच लावायची नाही. वेल्डिंग नाही, ब्रेझिंग नाही, चीर बुजवणे नाही. जुन्या नळ्या लोखंडी पट्टी दांड्याभोवती गुंडाळून आणि ठोकून सांधलेल्या असत. त्या सांध्यांची ताकद बाहेरून दिसत नाही. निपलाजवळच्या मागच्या भागात आतून गंजाचे खड्डे असतील, मध्ये कुठे फुगवटा असेल (आतून अंगठीसारखी सावली दिसते), किंवा केसासारखी चीर असेल, तर ती बंदूक वापरातून गेली. मागचे झाकण पान्याने उघडून आत बघू, हा मोहही टाळावा. शंभर वर्षांचे आटे एकदा सैल झाले की पहिल्यासारखे बसत नाहीत. नळीचे तोंड खराब झाले म्हणून ती कापून आखूड करणे हा तर कलम ६ प्रमाणे वेगळा गुन्हा आहे. नळीचे मोठे काम झाल्यावर जादा दाबाने तिची चाचणी करून छाप मारण्याची पद्धत जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मधील कायद्याने उभे राहिले. विलायती नळीवर मागच्या बाजूला हे छाप दिसतात. पण छाप दीडशे वर्षांपूर्वीच्या नळीची साक्ष देतो, आजच्या नव्हे.

नळी चांगली असूनही फुटते ती दोन कारणांनी. गोळी तळापर्यंत न जाता मध्येच अडकली तर, किंवा काळ्या दारूऐवजी काडतुसातली बिनधुराची दारू भरली तर. बिनधुरी दारूचा दाब या नळ्यांना सोसत नाही. "थोडीशीच घातली होती" असे सांगणाऱ्याचे पंजे गेलेले आहेत.

लाकडाचे काम त्या मानाने सोपे. दस्ता चिरतो तो मुठीजवळ, जेथे तो सर्वांत बारीक असतो. विलायती बंदुकांचा दस्ता अक्रोडाचा, देशीचा पुष्कळदा शिसवीचा. चीर जोडण्याआधी तेथले तेल काढावे लागते. वर्षानुवर्षे कळीतले तेल लाकडात मुरून ते काळे व भुसभुशीत झालेले असते आणि तेलकट लाकडाला कोणताही सरस धरत नाही. तेल काढून, दोन भागांचा इपॉक्सी सरस चिरेत खोलवर भरून, आतून पितळी खिळा आडवा घालतात आणि दोरीने आवळून दोन दिवस ठेवतात. बाहेरून पत्र्याची पट्टी मारून स्क्रू ठोकणे हे बैलगाडीचे काम झाले. गज लाकडी असेल आणि त्याचे रेषे तिरपे गेलेले दिसत असतील तर तो ताबडतोब बदलावा. ठासताना गज तिरप्या रेषेवर मोडतो आणि त्याचे सुळक्यासारखे टोक तळहातातून आरपार जाते.

दुरुस्तीला बंदूक नेताना मूळ परवाना बरोबर हवा, नळी रिकामी हवी, आणि दुकानदाराचा परवाना भिंतीवर लावलेला आहे का ते आपण बघावे. तो आपला परवाना मागतो, नोंदवहीत क्रमांक उतरवतो. हा अपमान समजू नये. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा दुरुस्तीची वेळ तशी निवडावी. ज्या कारागिराला या कामात खरोखर हात आहे त्याने परवानाधारक दुकानात नोकरी धरावी किंवा स्वतः परवान्याचा अर्ज करावा. बिहारातील मुंगेरचे उदाहरण समोर आहे. नवाब मीर कासिमने १७६० नंतरच्या काळात तेथे शस्त्रांचा कारखाना उभारला आणि तो हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्याच गावात आज परवान्याचे कारखाने आहेत आणि चोरून कट्टे करणारेही आहेत. कानस तीच, हात तेच. एकाच्या मालावर छाप बसतो, दुसऱ्याच्या हाताला बेडी.

राहिला आमच्या धंद्याचा भाग, म्हणजे कापड. ठासणीच्या बंदुकीला कापड तीन ठिकाणी लागते. चरांच्या नळीत गोल गोळी वापरतात तेव्हा ती तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासतात, म्हणजे गोळी चरांत घट्ट बसते. याला घट्ट विणीचे शुद्ध सुती कापड लागते. गादीपाट चांगला, मांजरपाटही चालतो, पण खळ धुऊन काढलेला. टेरीकॉट किंवा पॉलिस्टरची भेसळ अजिबात नको. ते जळत नाही, वितळते आणि नळीत चिकटते. ओळखायला एक धागा काडीवर धरावा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसून कठीण मणी होतो. दुकानदाराच्या तोंडी "शंभर टक्के कॉटन" असते, त्यावर जाऊ नये. हे आम्ही दुकानदार असून सांगतो.

गुळगुळीत नळीत छऱ्यांच्या मागेपुढे बोळे ठासतात. सुतळीचे, चिंध्यांचे, कागदाचे बोळे बाराबरोबर पेटून बाहेर पडतात आणि पंधरा-वीस पावलांवर धुमसत पडतात. उन्हाळ्यात आपल्याकडे कडब्याच्या गंज्या वावरातच असतात. डुक्कर पळून जाते आणि गंजी पेटते. बोळा लोकरीच्या नमद्याचा असावा. लोकर सहज धुमसत नाही, आणि घोंगडीच्या जाड तुकड्यातूनही त्या कापता येतात.

तिसरे काम सफाईचे, आणि निम्म्या दुरुस्त्या ते न केल्यामुळे होतात. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर क्षारांच्या रूपाने उरतो, त्यातला काही नळीतच राहतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस गंज दिसतो. वंगणाच्या तेलाने हे क्षार विरघळत नाहीत. त्याला कढत पाणी लागते. त्याच दिवशी निपल काढून नळीतून कढत पाणी फिरवावे, सुती चिंधी पांढरी येईपर्यंत पुसावे, नळी गरम असतानाच कोरडी करून मग तेलाचा हात द्यावा. दस्त्याला जवसाचे तेल उत्तम; मराठवाड्यात ते शुद्ध मिळते. तळहाताने अगदी पातळ चोळायचे, दोन हातांमध्ये दिवस जाऊ द्यायचे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून मात्र कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना आपोआप तापते आणि बोळा काडी न लावता पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात, आणि मगच उकिरड्यावर टाकाव्यात.